गाल्वाची "ती एक रात्र": पुढे ढकलायच्या आधी हे वाचा

परत आला तो मेसेज. मागे एकदा फिरून गेला होता तेव्हा दुर्लक्ष केलं, पण या वेळी तो आमच्या फॅमिली ग्रुपवरून थेट माझ्या भाचीच्या स्टेटसला जाऊन बसलाय, आणि भाची यंदा बारावीला आहे, जेईई तोंडावर आहे, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी मेसेजचा सारांश असा. फ्रान्समध्ये एव्हारिस्त गाल्वा नावाचा मुलगा होता. शाळेत गणितात नापास. एन्ट्रन्सला दोनदा नापास, कारण परीक्षकांपेक्षा तोच हुशार. मोठमोठ्या गणितज्ञांनी जळून त्याचे पेपर गायब केले. मग एका मुलीच्या प्रेमात पडला, ती म्हणे शत्रूंनी पेरलेली 'तसली' बाई निघाली, तिच्यापायी द्वंद्वयुद्ध ठरलं. उद्या मरणार हे माहीत होतं म्हणून आदल्या एका रात्रीत त्याने साठ पानं लिहून काढली, तीनशे वर्षांचं कोडं सोडवलं, आणि आज तुमचा मोबाईल, तुमचा क्यूआर कोड सगळं त्या रात्रीवर चालतंय. वय फक्त वीस. शेवटी "सामान्य माणूस ऐंशी वर्षांत जे करत नाही ते जीनियस एका रात्रीत करतो", हात जोडल्याचे इमोजी, आणि एका दाढीवाल्या माणसाचा 'दुर्मिळ फोटो'.

भाचीने त्यावर स्वतःची एक ओळ जोडली होती, "एक रात्र पुरते." मी फोन केला तर म्हणे, अगं आत्या, मस्करी आहे गं. मग थोड्या वेळाने हळूच, पण खरंच ना, त्याने केलंच ना एका रात्रीत? हे जे 'पण खरंच ना' आहे त्याच्यासाठी हे सगळं टायपिंग चाललंय.

तर आधी ती रात्रच घेऊ, कारण बाकीचं सगळं तिच्याभोवतीच गुंडाळलंय.

रात्र खरी आहे. २९ मे १८३२. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅरिसमध्ये द्वंद्व झालं, पोटात गोळी लागली, तिथून त्याला कोशँ हॉस्पिटलात नेलं आणि ३१ मेला तो गेला. जन्म २५ ऑक्टोबर १८११ चा, म्हणजे वीस वर्षं आणि सात महिने. इथपर्यंत मेसेज बरोबर. आदल्या रात्री तो लिहीत बसला होता हेही बरोबर. पण काय लिहीत होता? तर मुख्यतः पत्रं. त्यातलं एक मोठं पत्र, सातेक पानांचं, त्याच्या ओग्युस्त शेव्हालिए नावाच्या मित्राला आहे, आणि हे पत्र काही कुठल्या तिजोरीत नाही, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते छापून आलं, आज इंग्रजी भाषांतरासकट कोणालाही वाचायला मिळतं. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडलं असतं तर मेसेज लिहायची गरजच पडली नसती, कारण गाल्वा स्वतः त्यात काय म्हणतो बघा. तो म्हणतो की या सगळ्या कामाचे मिळून तीन प्रबंध होतील, पैकी पहिला लिहून झालेला आहे, आणि प्वासाँ (त्याचा प्रबंध तपासणारे गणितज्ञ) त्याबद्दल काहीही म्हणाले असले तरी मी केलेल्या दुरुस्त्यांसह त्यावर ठाम आहे. लिहून झालेला आहे! आणि पत्राच्या शेवटाकडे येऊन आणखी स्पष्ट सांगतो की इथे जे काही लिहिलंय ते जवळजवळ वर्षभर माझ्या डोक्यात आहे.

आता याच्यापुढे काय पुरावा पाहिजे? ज्याच्या नावाने 'एका रात्रीत' म्हणून टाळ्या पिटताय तोच माणूस त्याच रात्री, त्याच पत्रात लिहून ठेवतोय की हे वर्षभराचं आहे आणि मुख्य भाग आधीच लिहिलेला आहे.

तरी कोणी म्हणेल पत्रात माणूस काहीही लिहील. ठीक आहे, मग हस्तलिखित बघा. गाल्वाचे कागद पॅरिसला इन्स्तित्यू द फ्रान्सच्या ग्रंथालयात जपून ठेवलेत आणि त्यांचे स्कॅन नेटवर आहेत. पहिल्या प्रबंधात एका लेमाजवळ (लेमा म्हणजे मुख्य सिद्धतेला लागणारं छोटं मदतीचं विधान) प्वासाँने शेरा मारलाय, की ही सिद्धता अपुरी आहे पण लाग्रांज या आधीच्या गणितज्ञाच्या अमुक लेखाच्या आधारे विधान खरं आहे. त्या शेऱ्याला गाल्वाने चिडून उत्तर दिलंय, की ही सिद्धता आम्ही १८३० साली दिलेल्या प्रबंधातून जशीच्या तशी उतरवली आहे, आणि श्रीयुत प्वासाँना जी टीप लिहावीशी वाटली ती ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून सोबत ठेवतो. खाली दोनच शब्दांत, लोक ठरवतील. विसाव्या वर्षीचा खास तिरकसपणा आहे हा, मला तर हे पान फार आवडतं. पण मुद्दा असा की प्वासाँने हा प्रबंध तपासून पॅरिसच्या विज्ञान अकॅडमीला अहवाल दिला तो ४ जुलै १८३१ ला. द्वंद्व मे १८३२ ला. मग जे पान मे १८३२ च्या रात्री पहिल्यांदा लिहिलं म्हणे, त्याच्यावर प्वासाँ दहा-अकरा महिने आधी येऊन शेरा मारून गेला का?

आणि ते "मला वेळ नाही, मला वेळ नाही" असं समासात पुन्हा पुन्हा खरडलंय हे जे सगळीकडे सांगतात, तेही बघून घेऊ. प्रबंधात एका सिद्धतेशेजारी खरंच लिहिलंय की या सिद्धतेत काहीतरी भर घालायला हवी, मला वेळ नाही. एकदा. आणि शेव्हालिएच्या पत्रात एका नव्या विषयाबद्दल म्हणतो की माझ्याकडे वेळ नाही आणि या प्रचंड क्षेत्रात माझ्या कल्पना अजून पुरत्या विकसित झालेल्या नाहीत. झालं. म्हणजे त्या रात्री जुना प्रबंध समोर घेऊन तो तपासत होता, इकडेतिकडे दुरुस्त्या करत होता, हे मान्य, वाचताना काटा येतो हेही मान्य. पण प्रूफ तपासणं आणि पुस्तक लिहिणं यात फरक असतो, हे ज्याने साधा प्रोजेक्ट रिपोर्ट जमा केलाय त्यालाही कळेल.

मग काम केलं कधी? पाच वर्षं. १८२७ च्या सुमाराला, पंधरा-सोळाव्या वर्षी, गणित हातात घेतलं, लेजांद्रची भूमिती, मग लाग्रांज, म्हणजे क्लासच्या नोट्स वाचणारा नव्हता, थेट मूळ लेखक. एप्रिल १८२९ मध्ये वितत अपूर्णांकांवरचा पहिला पेपर गेरगॉनच्या मासिकात छापला. त्याच वर्षी मे-जूनमध्ये समीकरणांवरचं काम अकॅडमीत दिलं. फेब्रुवारी १८३० ला ते नव्याने लिहून मोठ्या पारितोषिकासाठी पाठवलं. १८३० मध्येच फेर्युसाकच्या बुलेटिनमध्ये तीन लेख. १७ जानेवारी १८३१ ला प्रबंध तिसऱ्यांदा लिहून परत अकॅडमीत. मोजा आता. एकच गोष्ट तीन वेळा लिहिलीये त्याने, नकार पचवून, आणि मधल्या काळात हरवलेलं पुन्हा उभं करून, आणि पुढे सेंत-पेलाजीच्या तुरुंगात बसूनसुद्धा कागदांवर काम चालूच. याला तुम्ही 'एक रात्र' म्हणणार असाल तर त्या पोराच्या पाच वर्षांवर बोळा फिरवताय तुम्ही, वर त्याच्याच फोटोला (तोही त्याचा नाही, शेवटी येते त्यावर) हात जोडून.

ही भानगड सुरू कुठून झाली तेही सांगते. १९३७ साली एरिक टेंपल बेल नावाच्या गणितज्ञाने गणितज्ञांच्या चरित्रांचं एक फार गाजलेलं इंग्रजी पुस्तक लिहिलं. झक्कास लिहितो माणूस, त्यात वाद नाही, अनेक जण ते वाचून गणिताकडे वळलेत. पण गाल्वाच्या प्रकरणात त्याने सरळ कादंबरी लिहिलीये. ताप चढल्यासारखी ती रात्र, समासातली ती वेळ नसल्याची ओरड, सगळे मास्तर मूर्ख, सगळे अकॅडमीवाले नालायक, हे सगळं तिथून आलंय. १९८२ मध्ये टोनी रॉथमन या भौतिकशास्त्रज्ञाने 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये लेख लिहून हे सगळं एकेक करून सोललं, मूळ कागद, पत्रं, तारखा समोर ठेवून. माझ्या या पोस्टमधलं बरंचसं बळ त्या एका लेखाचं आहे, कोणाला खरंच रस असेल तर तो वाचा, मी काय लिहिलंय ते विसरलात तरी चालेल. पण गंमत बघा, लेख येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, फॉरवर्ड मात्र अजून १९३७ मध्येच अडकलाय.

आता तीनशे वर्षांचं कोडं. कोडं असं होतं की दुसऱ्या घाताच्या समीकरणाला जसं सूत्र असतं, जे आपण सगळ्यांनी नववी-दहावीत घोकलंय, तसं तिसऱ्या-चौथ्या घातालाही आहे, ते १५४५ ला कार्दानोने छापलं, मग पाचव्याला का सापडत नाही? याचं उत्तर, की असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे सिद्ध केलं नॉर्वेच्या आबेलने, १८२४ मध्ये, त्याच्या आधी इटलीच्या रुफिनीने बराच रस्ता काढला होता. गाल्वा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, लॅटिन-ग्रीक करत होता. आबेलचं श्रेय उचलून गाल्वाच्या खिशात घालू नका, तोही बिचारा सव्विसाव्या वर्षी गेला.

गाल्वाचं काम याच्या पुढचं आहे आणि जास्त खोल आहे. सर्वसाधारण सूत्र नाही हे ठीक, पण काही पाचव्या घाताची समीकरणं तर सुटतात ना. क्षचा पाचवा घात बरोबर २, हे सुटतं, पाचवं मूळ काढलं की झालं. पण क्षचा पाचवा घात वजा क्ष वजा १ बरोबर शून्य, हे दिसायला तेवढंच गरीब, आणि हे मूळ-चिन्हांनी, म्हणजे वर्गमूळ-घनमूळ असली मुळं काढून, सुटत नाही. कुठलं सुटेल आणि कुठलं नाही हे आधीच कसं ओळखायचं? गाल्वाने म्हटलं उकली शोधत बसू नका, उकलींच्या आपापसातल्या जागा बदलून बघा. पाच उकली असतील तर अदलाबदलीचे १२० प्रकार. त्यातले कुठले असे आहेत की जे केले तरी उकलींमधली परिमेय (म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकाराची) नाती बिघडत नाहीत, त्या अदलाबदलींचा मिळून एक ग्रुप होतो (हा शब्द या अर्थाने त्यानेच वापरात आणला), आणि तो ग्रुप ठरावीक रीतीने पायरी-पायरीने फोडता आला तर समीकरण सुटतं, नाही तर नाही. १२० मधून ६० चा एक तुकडा निघतो आणि तो ६० चा तुकडा काही केल्या पुढे फुटत नाही, तिथे पाचवा घात अडकतो. आणि त्या शेवटच्या पत्रात हे विधान आहे, की न फुटणारा ग्रुप, ज्यातल्या अदलाबदलींची संख्या मूळ संख्या नाही, असा लहानात लहान म्हणजे ५ गुणिले ४ गुणिले ३, तेच ते ६०. सिद्धता नाही, नुसतं विधान, बरोबर विधान. हे मला त्या रात्रीच्या सगळ्या नाटकापेक्षा जास्त थरारक वाटतं खरं सांगायचं तर, पण फॉरवर्डमध्ये याच्याबद्दल एक ओळ नाही.

साठ पानांचं म्हणाल तर तेवढं अर्धसत्य द्यायला लागेल. लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८४६ मध्ये आपल्या जर्नलमध्ये त्याचं काम एकत्र छापलं ते साठ-पासष्ट पानांत बसलं. पण ती त्याच्या आयुष्यभराच्या कामाची पानं आहेत, छापील पेपरांसकट.

आता नापास प्रकरण, आणि इथे माझं डोकं खरं फिरतं.

शाळेत गणितात नापास हे धादांत खोटं. लुई-ल-ग्रां या पॅरिसच्या नावाजलेल्या शाळेत होता, १८२७ मध्ये वक्तृत्व-साहित्यात कमी पडला म्हणून त्याला पुन्हा खालच्या वर्गात बसवलं होतं, गणिताशी काही संबंध नाही, उलट त्याच वर्षी त्याने गणित घेतलं आणि सुटलाच. शाळेचा शेरा असा आहे की या मुलाला गणिताचं वेड लागलंय, पालकांनी परवानगी दिली तर याने दुसरं काही न करता हेच शिकावं. पुढच्या वर्गात रिशार नावाचे मास्तर भेटले, त्यांनी हा मुलगा काय आहे ते ओळखलं, त्याच्या वह्या जपून ठेवल्या, आणि पुढे आपला दुसरा एक विद्यार्थी एर्मीत, जो स्वतः मोठा गणितज्ञ झाला, त्याच्याकडे त्या दिल्या. तेव्हा सगळे मास्तर मूर्ख वगैरे सांगूच नका.

एकोल पॉलिटेक्निक या पॅरिसच्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजच्या एन्ट्रन्सला दोनदा नापास, हे खरं. पण का? पहिल्यांदा, १८२८ ला, तयारीचा जो विशेष गणिताचा वर्ग असतो तो न करताच, एक वर्ष आधी जाऊन बसला परीक्षेला. सतरा वर्षंही पूर्ण नव्हती. साधी गोष्ट आहे, सिलॅबस झाला नव्हता. दुसऱ्यांदा १८२९ च्या उन्हाळ्यात, आणि त्याच्या काहीच दिवस आधी त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती.

हे वाक्य फॉरवर्डमध्ये नाही. असतं तर "परीक्षकांपेक्षा तोच हुशार" लिहायची हिंमत झाली नसती. वडील निकोला-गाब्रिएल गाल्वा हे पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन गावचे मेयर, उदारमतवादी, स्वतः हौसेने कविता जुळवणारे. गावात राजाच्या बाजूच्या पाद्र्याशी वाजलं, आणि चरित्रकार सांगतात की मेयरच्या नावावर घाणेरड्या, लोकांची टवाळी करणाऱ्या खोट्या चारोळ्या रचून गावभर फिरवल्या गेल्या. माणूस ते सहन करू शकला नाही. म्हणजे आजच्या भाषेत फेक फॉरवर्डच तो, १८२९ चा. आणि आता त्याच घरातल्या मुलाच्या नावावर आपण काय फिरवतोय, तर खोटं प्रेरणादायी. प्रेरणादायी असलं म्हणून खोटं खरं होत नाही हो.

तर अठराव्या वर्षाच्या आतला मुलगा, बाप नुकताच गेलेला, अंत्ययात्रेतही दंगा झालेला, आणि त्यात तोंडी परीक्षा. फळ्यापुढे उभं राहून पायऱ्या समजावून सांगा म्हणतात, याला पायऱ्या सांगायची सवय नाही, डोक्यातच सगळं उरकतो. आटोपला कार्यक्रम. परीक्षकाच्या तोंडावर डस्टर फेकून मारलं ही दंतकथा, ऐकायला मस्त, पुराव्याच्या नावाने ठणठणाट. त्याच वर्षाच्या अखेरीला दुसऱ्या एका परीक्षेत (ती तो पास झाला आणि एकोल नॉर्माल या शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत गेला) गणिताच्या परीक्षकाने लिहिलंय की हा कल्पना मांडताना कधी कधी दुर्बोध होतो पण बुद्धिमान आहे आणि संशोधनाची वृत्ती विलक्षण आहे. मला वाटतं हा माणूस सगळ्यात अचूक बोलला. दुर्बोध मांडणी हा गाल्वाचा खरा प्रॉब्लेम होता, आणि त्याचे पुढचे निम्मे त्रास तिथूनच आले.

भाचीला मी हेच सांगितलं, की बाई गं, पायऱ्या लिही. 'नापास होणं ही हुशारीची खूण' हे जे काही मोटिवेशनवाले विकतात ना, ते बारावीच्या पोरांना ऐकवणं हा गुन्हा आहे माझ्या मते. जे नापास होऊन पुढे मोठे झाले ते नापास झाल्यामुळे झाले नाहीत. आणि ते "ऐंशी वर्षं विरुद्ध एक रात्र" वालं शेवटचं वाक्य तर मी कुठल्याही सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यासमोर येऊ देणार नाही. लवकर मरण्यात काय थोरवी आहे? पोटात गोळी लागून हॉस्पिटलात दुसऱ्या दिवसापर्यंत तळमळत होता तो, धाकटा भाऊ उशाशी रडत होता, त्याला म्हणाला रडू नकोस, विसाव्या वर्षी मरायला मला सगळं धैर्य गोळा करावं लागतंय. हे जीनियसचं लक्षण म्हणून शेअर करायचं का? पन्नास वर्षं जगला असता तर काय काय झालं असतं, हा विचार एकालाही सुचत नाही.

पेपर जळून गायब केले, हा पुढचा आरोप. यात कोशी या अकॅडमीतल्या बड्या गणितज्ञाचं नाव हमखास असतं. १९७१ मध्ये रेने तातों या विज्ञान-इतिहासकाराने अकॅडमीच्या दप्तरातून कोशीचं एक पत्र बाहेर काढलं, १८ जानेवारी १८३० चं. त्यात कोशी लिहितो की आज मी अकॅडमीत 'तरुण गाल्वाच्या कामावर' अहवाल मांडणार होतो, पण तब्येत बरी नसल्याने घरी आहे, पुढच्या बैठकीत माझं नाव घ्या. पेपर फेकून दिलेला माणूस असं पत्र लिहील का? पुढच्या बैठकीत त्याने फक्त स्वतःचा लेख वाचला, गाल्वाचा नाही, हे खरं, आणि का ते त्याने लिहून ठेवलेलं नाही, पण लगेच पुढच्या महिन्यात गाल्वाने तेच काम पारितोषिकासाठी पाठवलं, म्हणून कोशीनेच तसं सुचवलं असावं असा तातोंचा अंदाज आहे. आणि कोशी कट्टर राजेशाहीवादी, गाल्वा कट्टर प्रजासत्ताकवादी, तरी हे. पारितोषिकाची प्रत अकॅडमीचे सचिव फूरिए घरी घेऊन गेले आणि मे १८३० मध्ये वारले. कागद सापडले नाहीत. हा ढिसाळपणा आहे, गाल्वा यावर भडकला ते अगदी बरोबर भडकला, पण मेलेला माणूस जळत नसतो. पारितोषिक गेलं आबेल (मरणोत्तर) आणि याकोबीला, ते काय ऐरेगैरे होते?

प्वासाँचं म्हणाल तर त्याला कळलं नाही, आणि ते त्याने कबूल केलं. मांडणी पुरेशी स्पष्ट नाही, पुरेशी विस्ताराने नाही, त्यामुळे बरोबर की चूक ठरवता येत नाही, लेखकाने पूर्ण काम प्रसिद्ध करावं मग मत देऊ. पीएचडीवाल्यांना विचारा, यापेक्षा वाईट रिव्ह्यू दर आठवड्याला येतात. लिऊव्हिललासुद्धा सगळं नीट लावून छापायला १८४६ उजाडलं, आणि जॉर्दांने यावर सविस्तर ग्रंथ लिहिला तो १८७० मध्ये. अवघड होतं ते, आजही एमएससीला पोरं रडतात.

मुलीचं प्रकरण. थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते, कारण शेवटच्या एका पत्रात गाल्वाच लिहितो की मी एका नीच नखरेल बाईचा आणि तिच्या दोन भोळसट पाठीराख्यांचा बळी म्हणून मरतोय. रागात लिहिलंय. पण ती कोण होती? तुरुंगात असताना १८३२ मध्ये पॅरिसला कॉलरा आला, म्हणून त्याला एका खासगी शुश्रूषागृहात हलवलं, बहुधा तिथल्या डॉक्टरची मुलगी, स्तेफनी. तिने त्याला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे गाल्वाच्याच कागदांवर उतरवलेले सापडलेत, त्यात ती हे प्रकरण इथेच संपवू या असं नीट, सभ्यपणे सांगतेय. नकार दिला. एवढंच. मुलीने नकार दिला की दोनशे वर्षांनी मराठी व्हॉट्सॲपवर तिची 'तसली' बाई होते, छान आहे. पोलिसांनी तिला पेरलं, विरोधकांनी सापळा रचला, याचा कागदोपत्री आधार काही नाही. समोर पिस्तूल घेऊन कोण उभं होतं यावर अजून वाद आहे, कादंबरीकार अलेक्झांडर द्युमाने आठवणीत एक नाव दिलंय, तेव्हाच्या एका वर्तमानपत्राने वेगळी आद्याक्षरं दिलीत, पण दोन्हीकडे रोख त्याच्याच राजकीय गोटातल्या माणसाकडे जातो. राजाच्या हेरांकडे नाही.

बाय द वे, राजकारण फॉरवर्डमध्ये पूर्ण गायब आहे, हेही मजेशीर. हा मुलगा एकोल नॉर्मालच्या संचालकाविरुद्ध पेपरात पत्र लिहून हाकलला गेला, भर मेजवानीत हातात सुरी धरून राजा लुई-फिलिपच्या नावाने ग्लास उंचावला म्हणून पकडला गेला, सुटला, १४ जुलै १८३१ ला बंदी घातलेला गणवेश घालून, पिस्तुलं घेऊन पाँ-नफ या पॅरिसच्या पुलावर फिरताना परत पकडला गेला. असला प्राणी इन्स्पिरेशनल पोस्टमध्ये बसत नाही, मग काढून टाका.

मोबाईल आणि क्यूआर कोड. हे मला वाटलं होतं सगळ्यात मोठी थाप निघेल, पण यात तथ्य आहे. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड पावसाने उडालेला, कोपरा फाटलेला, तरी स्कॅन होतो की नाही? कारण त्यात जास्तीची माहिती अशा रीतीने भरलेली असते की, सर्वात वरची पातळी निवडली असेल तर साधारण ३० टक्के भाग गेला तरी उरलेल्यावरून गेलेलं काढता येतं. ही रीत रीड आणि सॉलोमन यांची, १९६० ची, आणि त्यातलं अंकगणित चालतं ते २५६ घटकांच्या एका मर्यादित क्षेत्रात (म्हणजे तेवढ्याच घटकांच्या बंदिस्त अंकगणितात), ज्याला गाल्वा फील्ड म्हणतात, कारण तो विषय गाल्वाने सुरू केला. फक्त तो लेख, संख्या सिद्धांतावरचा, छापला गेला जून १८३० मध्ये. त्या रात्रीच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, व्यवस्थित, मासिकात, दिवसाढवळ्या.

आणि तो दुर्मिळ फोटो. डॅगेरचं छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं १८३९ ला, गाल्वा गेला १८३२ ला, त्यामुळे फोटो असण्याचा प्रश्नच नाही. त्याची दोन चित्रं सगळीकडे दिसतात, एक पंधरा-सोळाव्या वर्षीचं, आणि दुसरं भाऊ आल्फ्रेदने १८४८ मध्ये आठवणीतून काढलेलं. तुमच्या मेसेजमधला तो कोटवाला गृहस्थ जो कोण असेल तो असो, चाळिशीच्या अलीकडचा तर अजिबात वाटत नाही.